जीभ नावाचा वॉचमन

खाण्यावर लिहिणारे आपल्या मासिकात दरवर्षी दोन-तीन तरी असतात. आईच्या हातची पुरणपोळी, आजीचं थालीपीठ, झालंच तर मेसमधली ती सुप्रसिद्ध डाळ, जिच्यात डाळ शोधणाऱ्याला पोहता यायला हवं! पिण्यावर मात्र कुणी लिहीत नाही. बहुधा शीर्षक वाचूनच रेक्टर मॅडम बोलावून घेतील या भीतीनं. म्हणून आधीच सांगून टाकते, हा लेख ‘तसल्या’ पिण्यावर नाही. नाक दाबून, डोळे मिटून, तोंड वाकडं करून आपण आजवर जे काही घशाखाली ढकललं, त्यावर आहे.

दुसरी सूचना. मी नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथं मराठीचा तास म्हणजे इंग्लिशमध्ये गप्पा मारायचा तास. तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळानं पोटात घालावेत. (पोटात बरंच काही घालायचंय आज, सवय करून घ्या.)

तर मंडळी, सबमिशनच्या दिवसांत आमच्या मजल्यावर एक सर्व्हे झाला. विषय : आजवर प्यायलेलं सगळ्यात घाण पेय कोणतं? जर्नल लिहायचं सोडून अठरा मुलींनी हिरिरीनं मतं दिली. मेसचा चहा बिनविरोध निवडून येईल असं वाटलं होतं, पण एकीनं आक्षेप घेतला की तो पेय या व्याख्येत बसत नाही. मग उरले पाच उमेदवार : एरंडेल, लॉकडाऊनमधला काढा, ओ.आर.एस., शिळा मोसंबीचा रस आणि बोअरचं पाणी. एकेकाची ओळख करून देते.

एरंडेलाला मत देणाऱ्या तिघीच होत्या, पण त्यांच्या आवाजात अनुभव होता. माझं आजोळ अंबड तालुक्यात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलं की पहिले दोन दिवस लाड आणि तिसऱ्या दिवशी पहाटे एरंडेल. सुंठीच्या गरम काढ्यात वर तेलाचा थर तरंगत असायचा. तो ओठांना चिकटायचा, जिभेला चिकटायचा आणि दुपारपर्यंत आठवणीला चिकटलेला असायचा. मी रडायला लागले की आजी एकच वाक्य म्हणायची, ‘‘तोंडाला काय कळतंय गं माय? पोटाला इचार. पी गुमान!’’ पोट पुढे काय उत्तर द्यायचं ते मी इथं लिहीत नाही. गंमत म्हणजे एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. पण ते तेलात विरघळत नाही, पेंडीत राहतं. म्हणून नीट काढलेलं तेल पिऊन आपण फक्त धावतो, मरत नाही. (हल्ली डॉक्टर लहान मुलांना असं उठसूट एरंडेल देऊ नका म्हणतात. त्यांचं भलं होवो, फक्त थोडं आधी सांगायला हवं होतं!)

काढ्याला सात मतं पडली. २०२० मध्ये आम्ही सगळ्या नववी-दहावीत होतो. आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्या असं सांगितलं होतं. एवढंच घेतलं असतं तरी ठीक. पण आमच्या बाबांना वर्क फ्रॉम होम होतं आणि मोबाइलवर फॉरवर्ड येत होते. रोज एक नवीन घटक वाढायचा. हळद, ओवा, गुळवेल, लवंग... शेवटी त्या काढ्याचा रंग आमच्या सर्व्हे कॅम्पमधल्या चिखलासारखा झाला. कोरोनावर त्याचा काय परिणाम झाला कोण जाणे, पण आमच्या कुंडीतली तुळस त्या वर्षी ओकीबोकी झाली.

ओ.आर.एस.ला दोन मतं, त्यातलं एक माझं. फर्स्ट इयरला मला जुलाब लागले तेव्हा परभणीच्या रूममेटनं आरोग्य केंद्रातून आणलेलं सरकारी पाकीट लिटरभर पाण्यात कालवून समोर ठेवलं. एक घोट घेतला आणि म्हटलं, हे तर घामाचं सरबत आहे! पण त्या पाकिटाचा हिशोब फार सुंदर आहे. साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. ग्लुकोजचा हात धरून सोडियम आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं आणि सोडियमच्या मागोमाग पाणी. जुलाब चालू असतानाही हा रस्ता उघडा राहतो, म्हणून हे काम करतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रम भरभरून मीठ-साखरेचं पाणी तयार केलं आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. चव मात्र अजून तीच आहे!

आता या गोष्टीची दुसरी बाजू बघा. दुकानात बरीच वर्षं नावात ‘ओ.आर.एस.’ असलेली, खोक्यातली, संत्र्या-सफरचंदाच्या चवीची गोड पेयं मिळायची. मुलं आवडीनं प्यायची. पण त्यात साखर फार. साखर जास्त झाली की पाणी आतड्यातून आत जायच्या ऐवजी उलट बाहेर ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं हा विषय लावून धरला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या लेबलवर ओ.आर.एस. हा शब्द वापरायला बंदी घातली. म्हणजे चवीला चांगलं ते खोटं निघालं आणि घामाचं सरबत तेच खरं!

चौथा उमेदवार आपल्या जिल्ह्याचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण बाहेरगावच्या मुलांना इतक्यांदा सांगतो की ते मोसंबी बघून पळतात. पण याच मोसंबीचा एक दुर्गुण कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी मामीनं मोठ्या मायेनं दोन लिटर रस काढला, बाटलीत भरला आणि अंबड-जालना एस.टी.तून मामेभावाबरोबर पाठवला. सकाळचा रस माझ्या हातात पडला संध्याकाळी. लातूरच्या मैत्रिणीनं पहिला ग्लास लावला आणि किंचाळली, ‘‘तुझ्या मामीनं यात कडुनिंब पिळलाय का?’’

मामी निर्दोष होती. मोसंबी सोलून खाल्ली तर गोड लागते, कारण तिच्यात जो पदार्थ असतो त्याला चवच नसते. रस काढला की फळातल्या पेशी फुटतात, तो पदार्थ रसातल्या आम्लाच्या संपर्कात येतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडूजहर. लिटरभर रसात साधारण सहा मिलिग्रॅम झालं तरी जिभेला कळतं. बिया आणि पांढरी साल जास्त चिरडली किंवा रस गरम केला तर काम आणखी लवकर होतं. म्हणूनच रसवंतीवाला मोसंबी आपल्यासमोर पिळतो आणि आपण उभ्याउभ्या पितो. म्हणूनच आंब्याच्या रसासारखा मोसंबीचा रस सहजासहजी डबाबंद होत नाही. कारखान्यात तो खास रेझिनच्या कॉलममधून सोडून कडूपणा काढावा लागतो. आपल्यातल्या कुणा केमिकलवाल्यानं हे काम स्वस्तात करून दाखवलं तर आख्खा अंबड तालुका त्याला खांद्यावर घेऊन नाचेल.

पण मुद्दा असा की तो कडू रस निरुपद्रवी होता. आम्ही नाइलाजानं ओतून दिला, पण प्यायलो असतो तरी काही झालं नसतं. जिभेनं उगाच आरडाओरडा केला.

इथं मला आपले गेटवरचे वॉचमन काका आठवतात. (काका, रागावू नका!) गळ्यात आयकार्ड नसलं तर तीन वर्षं रोज बघितलेल्या मुलीला ते उन्हात उभं करतात. आणि शर्ट इन केलेला, हातात फाइल घेतलेला कुणीही परका माणूस आला की सलाम ठोकून आत सोडतात. आपली जीभ अगदी तशीच आहे. कडू ओळखायला माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत, गोडासाठी मात्र मुख्यतः एकच. कारण जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना विषारी पाला-मुळं बहुधा कडू लागायची. तेवढ्या ओळखीवर हा वॉचमन लाखो वर्षांपूर्वी नोकरीला लागला. तेव्हापासून रजिस्टर काही अपडेट झालेलं नाही.

आणि फाइलवाला परका माणूस आला की काय होतं? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून जे ग्लिसरीन दिलं होतं त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. ग्लिसरीन गोड, हे रसायनही गोड. जिभेनं अडवायचं काही कारणच नव्हतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. तरी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या गोड औषधातून हेच रसायन गेलं आणि वीसच्या वर मुलं गेली. त्या मुलांनी औषधाला तोंडही वाकडं केलं नसेल.

हे लांबचं झालं. आता जवळचं सांगते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

सर्व्हेतला पाचवा उमेदवार बोअरचं पाणी. त्याला सहा मतं होती आणि सहाही मुली आपल्या आसपासच्या खेड्यांतल्या. आमच्या आजोळी पिण्याच्या पाण्याच्या दोन जागा. एक गावाबाहेरचं खोल बोअर. पाणी मचूळ, खारवट. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा दिसतो. दुसरा मामाच्या वाड्यामागचा जुना आड. त्याचं पाणी गोड. इतकं गोड की पाहुणा आला की आधी विचारतात, ‘‘आडाचं पाणी पेले का?’’ दुष्काळात बोअर आटलं तरी या आडानं कधी दगा दिला नाही, हे मामा छाती फुगवून सांगतो.

तृतीय वर्षाला आम्हाला पर्यावरण अभियांत्रिकीची लॅब आहे. सरांनी सांगितलं, आपापल्या गावाकडचं पाणी आणा. मी आजोळहून दोन बाटल्या आणल्या, बोअरची आणि आडाची. आडाचं पाणी पहिलं येणार याबद्दल माझी पैज लागली होती. कठीणपणा बघायला ई.डी.टी.ए.चं टायट्रेशन केलं. बोअरच्या नमुन्याचा लालसर रंग निळा व्हायला ब्युरेट अर्धी रिकामी झाली. आडाचा नमुना पटकन निळा झाला. टीडीएसमध्येही आडच पुढे. मी मनात पैज जिंकली होती. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नायट्रेट मोजलं. बोअर मर्यादेच्या आत. आड मर्यादेच्या दुपटीच्याही वर.

सरांनी पुन्हा करायला लावलं. तेच उत्तर आलं.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आय.एस. १०५००. त्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र अशी सवलत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम, बस्स. आणि नायट्रेटला त्या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग. ते कुठून आलं हे मला लॅबमध्ये उभ्याउभ्या दिसलं. आडापासून दहा-बारा पावलांवर गोठा, त्याच्या शेजारी उकिरडा, आणि पलीकडे मोसंबीची बाग आणि कपाशी, ज्यांना युरियाची गोणी दरवर्षी ठरलेली. पावसाचं पाणी हे सगळं घेऊन मुरतं. आड उथळ, त्यामुळे पहिलं त्याच्यात येतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा त्रास जास्त असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत आपला शेजारी बीड आणि तिकडचं नांदेड आहेत. म्हणजे ही फक्त आमच्या वाड्याची गोष्ट नाही.

तेव्हा मामेभावाचं बाळ तीन महिन्यांचं होतं. वहिनीला दूध कमी पडत होतं म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध जोडीला द्यायला सांगितलं होतं. मी लॅबच्या बाहेर येऊन मामीला फोन लावला. ‘‘मामी, बाळाचं दूध कशात कालवता?’’

‘‘आडाच्या पाण्यात. काळजी नको करू, चांगलं वीस मिनिटं खळाखळा उकळून घेते मी.’’

मामीचं काही चुकत नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांनी हेच शिकवलंय की उकळलं की पाणी शुद्ध. उकळल्यानं जंतू मरतात हे खरंच आहे. पण नायट्रेट मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नाही. उलट वीस मिनिटांत पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

मोठ्या माणसाला यातून सहसा लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या पोटात आम्ल कमी, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलून टाकतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ आणि नखं निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवून दिला. त्या बाळांचं दूधही विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं.

मी हे सगळं फोनवर सांगितलं, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. मामी घाबरली आणि फोन आजीकडे गेला. आजी म्हणाली, ‘‘सत्तर वरसं झाले हेच पाणी पेत आलो. चार लेकरं वाढवली यावर. काय झालं कुणाला? मधासारखं पाणी हाय, त्याला नावं ठेवू नको.’’

आजीची चारही लेकरं अंगावरच्या दुधावर वाढली होती आणि तेव्हा उकिरड्यात युरिया नव्हता. पण हे आजीला सांगायची माझी टाप नव्हती. मी म्हटलं, ‘‘आजी, तूच म्हणायचीस ना, तोंडाला काय कळतंय म्हणून?’’

फोनवर बराच वेळ नुसती कोंबड्यांची कॉकॉक ऐकू आली. मग आजी म्हणाली, ‘‘मंग कोणतं पाणी द्यावं म्हणतीस लेकराला?’’

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बोअरचं पाणी नायट्रेटमध्ये पास होतं, पण इतकं क्षारांचं पाणी तीन महिन्यांच्या बाळाला द्यावं का, हे सांगायला मी डॉक्टर नाही. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेला. तिथल्या डॉक्टरांनी आडाचं पाणी बाळासाठी ताबडतोब बंद करायला लावलं, अंगावरचं दूध चालूच ठेवा म्हणाल्या आणि बाळाचे ओठ-नखं तपासली. बाळ ठणठणीत होतं. हुश्श! गावात नळयोजनेचं पाणी एक दिवसाआड येतं. तो नमुना आणि आडाचा नमुना दोन्ही सरकारी प्रयोगशाळेत दिले. नळाचं पाणी पास झालं, आड तिथंही नापास. आता बाळाचं पाणी नळाचं, वेगळ्या पितळी घागरीत, आणि त्या घागरीला दुसऱ्या कुणी हात लावला की आजी ओरडते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पाहुणा आला की अजूनही आडाचंच पाणी पुढे येतं. उकिरडा हलवायचं दोन पावसाळ्यांपासून ठरतंय. मामाला तर मी त्याच्या आडाची बदनामी केली असंच वाटतं. सत्तर वर्षांचं गोड पाणी एका स्पेक्ट्रोफोटोमीटरपुढे हार मानत नाही, आणि मला मामाचा राग येत नाही. ज्या जिल्ह्यात टँकरमागे धावण्यात उन्हाळे गेले, तिथं न आटणाऱ्या आडाला नाव ठेवणं सोपं नाही.

पण आपण इंजिनिअर होणार ना? एरंडेल, काढा, ओ.आर.एस., कडू मोसंबी, खारं बोअर : आमच्या सर्व्हेतल्या पाचांपैकी कशानंही आमचं फारसं वाईट झालं नाही. ज्याची खरी भीती बाळगायची त्याला अठरांपैकी एकही मत नव्हतं, कारण ते कुणाच्या लक्षातच राहिलेलं नव्हतं. लक्षात राहायला चव लागते.

आणि ऑनलाइन मागवलेल्या त्या पेनासारख्या टीडीएस मीटरवर विसंबून राहू नका. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कुठले, हे त्याला कळत नाही. आमच्या आडाला त्यानं डिस्टिंक्शन दिली असती!

म्हणून एक विनंती. सुट्टीला घरी जाल तेव्हा येताना पाणी घेऊन या. लिटरभराची प्लास्टिकची बाटली चालेल, फक्त भरण्याआधी त्याच पाण्यानं तीनदा खळखळून घ्या. वर चिठ्ठी लावा : गाव, तालुका, आड की बोअर की नळ, तारीख. बर्फात ठेवता आली तर उत्तम, आणि ४८ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच कोण आहेत ते विचारा. कदाचित तुमची आई किंवा काकूच निघेल. आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सुट्टीची वाट बघू नका. आजच फोन करा आणि विचारा, दूध कुठल्या पाण्यात कालवता.

बुधवारी दुपारी दोन ते चार आम्ही तिघी पर्यावरण लॅबमध्ये असतो. सरांची परवानगी घेतली आहे. मोसंबीचा रस आणल्यास तोही स्वीकारला जाईल, मात्र ताजा.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी